सगळ्यांत शेवटी चालणारा

हृषिकेशने ट्रेकची एक्सेल फाइल केली, तिच्यात सात पानं होती. पहिल्या पानावर चार नावं: नागेश, मीनल, उत्कर्ष आणि तो स्वतः. दुसऱ्यावर चार दिवसांचा चढउतार, मीटरमध्ये. मग औषधं, कपडे, विमानं, विमा. सातव्या पानावर काहीच नव्हतं, फक्त लाल रंगात एक तारीख होती: पाच ऑक्टोबर, रविवार.

पेरूमधल्या, माचू पिचूला जाणाऱ्या इंकांच्या जुन्या वाटेवर असंच उठून चालायला लागता येत नाही. रोज ठराविक माणसांनाच सोडतात, वाटाड्या लागतो आणि परवाना मिळतो तो नावावर आणि पासपोर्टच्या नंबरावर. ऐनवेळी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पुढच्या मे महिन्यासाठी कुस्कोच्या एका छोट्या कंपनीतली लुसिआ नावाची बाई सोमवारी परवाने मागणार होती, आणि रविवार संध्याकाळपर्यंत तिला चौघांचे पासपोर्ट हवे होते. तिच्याकडे आत्तापर्यंत एकच पोचला होता. कोणाचा, ते सांगायची गरज नाही.

हे चौघं पुण्यात एका कॉलेजात होते आणि दर रविवारी कुठल्या तरी गडावर असायचे. नागेश सगळ्यांत पुढे, कारण त्याला थांबता यायचं नाही. हृषिकेश सगळ्यांत मागे, कारण आपल्या पाठीमागे कोणी राहिलंय या कल्पनेनेच त्याचा जीव खालीवर व्हायचा. प्रत्येक वळणावर पुढून हाक यायची, "एक!" मग दोन, मग तीन, आणि धुक्यातून हृषिकेशचं "चार!" आलं की सगळे निर्धास्त व्हायचे. अशाच एका गडावर, कुणाच्या तरी सॅकमधल्या मासिकात माचू पिचूचा फोटो बघून ठरलं होतं की पन्नाशी आली की इथे जायचं.

पन्नाशी आली आणि गेलीही. हृषिकेश आता बावन्न वर्षांचा होता. त्यातली तेवीस वर्षं त्याने जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गमध्ये काढली होती, दवाखान्यातल्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासत. लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं, तिसऱ्यांदा कोणी विषय काढला नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली, भावाने बाणेरचा फ्लॅट विकला, आणि पुण्यात उतरायला घर उरलं नाही. तेव्हापासून तो गेलाच नव्हता. आपल्याच गावात हॉटेलात राहायचं, हे त्याच्याच्याने होईना.

त्या सगळ्यावर त्याने जानेवारीत हा उपाय शोधला. ग्रुपवर लिहिलं, पुढच्या मेमध्ये इंका ट्रेल, कोण कोण येतंय? दहा मिनिटांत नागेशचं उत्तर आलं, "नक्की" आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. उत्कर्षने "डन" लिहिलं. मीनलने डोंगरांची चित्रं पाठवली, एकापुढे एक पाच.

पुण्यातल्या कुठल्याही माणसाला या उत्तरांचा अर्थ कळला असता. यात प्रेम होतं, भरपूर होतं, पण ते आरक्षण नव्हतं. हृषिकेशलाही एकेकाळी कळला असता. पण तेवीस वर्षं तो अशा गावात राहत होता, जिथे शेजारच्या लिंडनरबाईंना चार आठवडे आधी कॉफीला बोलवावं लागतं आणि त्या "या, गेर्ने", म्हणजे हो, आनंदाने, म्हणाल्या की ठरल्या दिवशी तीनच्या ठोक्याला घरचा केक घेऊन दारात उभ्या असतात. त्याने तिघांच्या नावांपुढे फाइलमध्ये फेरबिंडलिश असं लिहून टाकलं. म्हणजे शब्द दिला तो दिला, आता मागे फिरणं नाही. बिचाऱ्या तिघांना पत्ताही नव्हता.

मग त्याचं वर्ष बरं गेलं, हे कबूल केलं पाहिजे. दर शनिवारी तो पाठीवर आठ किलोचं ओझं घेऊन घरापासून चालत निघायचा आणि फेल्डबर्गचा डोंगर चढून यायचा. झाडीतून चढताना पेरूमधल्या खिंडीत मीनलला दम लागला तर काय करायचं, उत्कर्षला उतारावर कुठे थांबवायचं, याचा विचार करायचा. वाटेत भेटणारे लोक "मॉर्गन", म्हणजे सुप्रभात, म्हणून पुढे जायचे. आठवड्याभरात ऑफिसबाहेर त्याच्याशी बोललेले बहुतेक तेवढेच असायचे.

पासपोर्ट मात्र येईनात. नागेशचा नूतनीकरणाला टाकायचा होता. उत्कर्ष दर सोमवारी "या वीकेंडला पाठवतो" म्हणायचा. हृषिकेशने सप्टेंबरमध्ये मुद्देसूद निरोप लिहिला, कृपया तीस तारखेपर्यंत स्कॅन पाठवावेत, धन्यवाद. त्यावर मीनलने विचारलं, साहेब, सही कुठे करायची? सगळे हसले. हसण्याचं चिन्ह त्यानेही टाकलं आणि फाइल पुन्हा एकदा सेव्ह केली.

पाच तारखेला सकाळी नऊ वाजता त्याने चहा केला, लॅपटॉप उघडला आणि नागेशला फोन लावला.

नागेश धापा टाकत होता. फोनमध्ये वारा घोंघावत होता. कुठे आहेस विचारल्यावर तो आनंदाने म्हणाला, राजगडावर, सगळेच आहोत, सोनकी काय फुललीये म्हणून सांगू! मीनलचा गुडघा कुरकुरायला लागल्यापासून डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय, तेव्हा महिन्याचा पहिला रविवार ठरलेला, सहा वर्षं झाली आता.

सहा वर्षं. लपवलं कोणी नव्हतं. डबे कोणी आणायचे, गाडी कोणाची, हे ठरवायला त्यांचा वेगळा ग्रुप होता आणि जर्मनीतल्या माणसाला डब्यांच्या ग्रुपात घालायचं कोणाला सुचलं नव्हतं, एवढंच. हृषिकेश काही बोलणार, तेवढ्यात फोनमधून लांबून उत्कर्षची हाक आली, "एक!" मग मीनलची, "दोन!" नागेशने फोन तोंडापासून बाजूला धरला आणि ओरडला, "तीन!"

हृषिकेशच्या ओठांवर त्याचा आकडा आला. खरंच आला, स्वयंपाकघरात, हातात चहाचा कप असताना. पण तो बोलायच्या आत फोनमधून एक कोवळा, ठणठणीत आवाज म्हणाला, "चार!"

कोण आहे ते, त्याने विचारलं.

"अन्वी रे, आमची. ती मागे राहते. म्हणते, तुम्हा म्हाताऱ्यांवर कोणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे."

नागेशच्या या मुलीला त्याने शेवटचं पाहिलं तेव्हा ती रांगत होती. त्याने कप खाली ठेवला.

"नागेश, आज डेडलाइन आहे. येताय का नाही?"



"अरे, कसं जमणार? मीनलचा गुडघा, उत्कर्षचं क्लिनिक... मला वाटलं, तुला माहितीये. आपण नुसतं बोलत होतो ना?"

"तू नक्की म्हणाला होतास."

"हृषी," नागेश म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "तू पण दर दिवाळीला म्हणायचास, या वेळी नक्की येतो, एक गड करू. अकरा वर्षं म्हणत होतास. आम्ही कधी रागावलो का?"

ते खरं होतं. तो दहा दिवसांसाठी यायचा, त्यात आईचे डॉक्टर, बँकेची कामं, नातेवाईक, आणि विमानात बसताना लक्षात यायचं की गड राहिला. पण म्हणताना तो मनापासून म्हणायचा. नागेशही जानेवारीत मनापासूनच म्हणाला होता. कोणीच खोटं बोललेलं नव्हतं, आणि म्हणूनच रागवायलाही कोणी सापडेना. सांभाळून उतरा, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

फाइल समोर होतीच. त्याने तीन ओळी पुसल्या. माणसांची बेरीज आपोआप चारावरून एकावर आली. एका तंबूत दोघं, असा हिशेब त्यानेच घालून ठेवला होता. त्यामुळे तंबूंच्या रकान्यात "अर्धा" असं उत्तर आलं. त्या अर्ध्या तंबूकडे तो बघत बसला. चहावर साय धरली.

जाऊ नये, असं त्याला वाटलं. दुपारभर वाटत राहिलं. एकट्याने जाऊन तिथे बघायचं काय आणि दाखवायचं कोणाला? पण शनिवारी फेल्डबर्ग नसला तर शनिवारी काय असेल, याचाही त्याने विचार केला, आणि त्याला भीती वाटली. साडेचारला त्याने लुसिआला लिहिलं, बाकीचे तिघं येत नाहीत, मी एकटा येतो. तिचं लगेच उत्तर आलं. हरकत नाही, निरनिराळ्या देशांतल्या अकरा जणांच्या गटात जागा आहे, सोबतचा अर्ज भरा.

अर्जात शेवटी एक चौकट होती, आणखी काही सांगायचं असल्यास. लोक तिथे शाकाहारी वगैरे लिहितात. तेही त्याने लिहिलं, आणि मग सवयीने पुढे लिहिलं: मला गटात सगळ्यांत शेवटी चालायचं आहे. मी हळू चालतो म्हणून नाही. मी नेहमीच शेवटी चालतो.

सहाच्या सुमाराला, कुरपार्कमधून फिरून तो घरी आला तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं.

"प्रिय हृषिकेश," लुसिआने लिहिलं होतं, "शेवटची जागा आम्ही पाहुण्यांना देत नाही. शेवटी आमचा दुसरा वाटाड्या चालतो, त्याचं नाव नेल्सन. सगळे पुढे गेल्याशिवाय तो पाऊल उचलत नाही. तुम्ही हवं तितकं सावकाश चाला, हवं तिथे थांबा. चारही दिवस तुमच्या मागे एक माणूस असेल."

त्याने ते उभ्यानेच वाचलं. मग कोट न काढता खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. तीस वर्षांपूर्वी प्रत्येक वळणावर "चार" म्हणून तो सगळ्यांना निर्धास्त करायचा, आणि त्याच्या पाठीमागे तेव्हाही रिकामी वाट होती आणि आताही होती. त्याचे डोळे भरून आले. त्याने ते पुसले नाहीत, बघायला कोणी नव्हतं.

थोड्या वेळाने त्याने फाइल उघडली. पहिल्या पानावर त्याचं एकट्याचं नाव उरलं होतं. त्याखालच्या रिकाम्या ओळीत त्याने नेल्सन असं लिहिलं आणि पुढच्या रकान्यात फेरबिंडलिश.