दीड इंच, तीन इंच आणि मी

मी जीपच्या पोटाखालून बोलतोय. आवाज घोगरा वाटेल, पण दिवसभर धूर गिळणाऱ्यानं गोड बोलावं तरी कसं? मी दोन इंची लोखंडी पाईप. इंजिनाचा धूर जीपच्या शेपटीपर्यंत नेऊन सोडायचा, हे माझं काम.

माझी पहिली नोकरी सरकारी. एका कालव्याकाठच्या फलकाचा मी खांब होतो. 'वाहने सावकाश हाकावीत' असं माझ्या डोक्यावर लिहिलेलं होतं. सहा वर्षांत एकाच ट्रकवाल्यानं ते वाचायचा प्रयत्न केला, आणि तो थेट माझ्यावरच आला. मग मी निरुपयोगी ठरलो, लिलावात गेलो आणि राहुरीला बन्सी मिस्त्रींच्या गॅरेजात भंगारात येऊन पडलो.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तिथं मच्छिंद्रची जीप आली. सगळी हकीकत मी ढिगात पडल्यापडल्या ऐकली.

मच्छिंद्र आपल्या गावचं दूध रोज सकाळी राहुरीच्या संकलन केंद्रावर पोचवायचा. पेट्रोल एकाएकी महागलं, तेव्हा त्यानं जीपचं पेट्रोल इंजिन काढून जुनं पण दांडगं डिझेल इंजिन बसवलं. धुराचा पाईप मात्र आधीचाच ठेवला, दीड इंची. धाकट्याचा सदरा थोरल्याला चढवला की गळा आवळायचाच. मुळा नदीच्या पात्रातून वर येणाऱ्या चढावर इंजिन घुसमटे, काळा धूर ओके आणि जीप उभी राही. दोनदा दूध उशिरा पोचलं आणि नासलं. केंद्रावरच्या साहेबांनी बजावलं, "आणखी एकदा असं झालं, तर तुमच्या गावचं दूध बंद." गावात चाळीस घरी म्हशी होत्या, आणि दूध घेणारं दुसरं कोणी नव्हतं.

गावात पाण्याची टंचाई पडते, सल्ल्याची कधी पडत नाही. राधाकृष्णतात्या बडे बागायतदार. ते म्हणाले, "आरं, माज्या हिरीवर अडीच इंची काढून तीन इंची पाईप टाकला, तवा पानी धो धो आलं. धुराचं बी तसंच असतंय. जितका मोठा पाईप, तितकी ताकद!"

तात्यांनी उदार मनानं विहिरीवरचा तीन इंची तुकडा दिला. लोहारानं तो जीपला बसवला. आवाज दाबणारा डबा त्या जाड्याला जुळेना, म्हणून डबाच काढून टाकला.

जीप चढ चढली. पण पहाटे ती गल्लीत शिरली की तोफा डागल्यासारखा गडगडाट होई. त्याच वेळी घरोघर धारा काढणं चाललेलं. रतनबाईंच्या म्हशीनं पहिल्याच दिवशी बादलीला लाथ घातली आणि पान्हा चोरला. तिचं पाहून की काय, बाकीच्यांनीही चोरला. तिसऱ्या दिवशी गावचं दूध निम्म्यावर आलं.

रतनबाई रिकामी बादली घेऊन जीपसमोर उभ्या राहिल्या. "मच्छिंद्रा, आदी दूध नासत हुतं, आता निघतच न्हाई. लई सुधारना झाली रं बाबा!"

"म्हशीला सवय हुईल की," तात्या म्हणाले.

"मग तुमीच बसा धारंला, तिला सवय हुईस्तवर!"

तात्यांना ऊस बघायला जायची आठवण झाली. मच्छिंद्र राहुरीला आला.

मिस्त्री जीपखाली वाकून बघत राहिले. "ही तोफ कुनी बसवली?"

"तात्या म्हनले, हिरीवर..."

"हिरीला इचारलंस. इंजिनाला इचारलंस का?"

त्यांनी तो तीन इंची पाईप सोडवला. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन इंजिनाच्या धूर सोडणाऱ्या काजळल्या तोंडावर दाबला. कचेरीत अंगठा उठवतात तसं काळं वर्तुळ पुठ्ठ्यावर उठलं. मग ते ढिगाशी आले आणि एकेका पाइपाच्या तोंडावर पुठ्ठा धरून पाहू लागले. माझ्यावर धरला, तेव्हा वर्तुळावर वर्तुळ बसलं.

"हा बघ. बारीक घातला की इंजिनाचा दम कोंडतो, लई मोठा घातला की नुसतं वजन आन् बोंब. तोंडाएवढाच पाईप पायजे."

वळताना मी चेपू नये म्हणून माझ्या पोटात कोरडी वाळू ठासली, भट्टीत लाल केलं आणि सावकाश वळण दिलं. कोपरा पडला की धूर अडतो म्हणे. सरकारी नोकरीत मी सहा वर्षं ताठ होतो, खासगीत पहिल्याच दिवशी वाकावं लागलं. माझ्या मापाचा डबाही मिस्त्रींनी शोधून जोडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीप गल्लीत शिरली. मी धूर सोडत होतो, पण जीव मुठीत धरून. रतनबाईंच्या म्हशीनं कान टवकारले. क्षणभर बादलीतला धारेचा आवाज थांबला. मग तिनं रवंथ सुरू केला आणि धार पुन्हा लागली.

चढावर इंजिनानं एकदाही दम टाकला नाही. सातला दहा मिनिटं असताना आम्ही केंद्रावर होतो. साहेबांनी कॅनचं झाकण काढलं, वास घेतला, पुन्हा घेतला आणि म्हणाले, "घ्या ओतून." मच्छिंद्रनं आनंदाच्या भरात वाकून माझ्या अंगावर हात ठेवला. चटका बसला. पाइपावर प्रेम करायचं तर तो गार असताना करावं.

त्याला आता आठ महिने झाले. माझ्यावर थोडा गंज आहे, गावावर आता कसलीही टांगती तलवार नाही. शेजारच्या वाडीचेही कॅन जीपमध्ये येऊ लागलेत. दोन इंचांची कल्पना मुळात आपलीच होती, असं तात्या बाजारात सांगतात. सांगू देत. माझं तुम्हा माणसांपाशी एवढंच मागणं आहे: कुणाला काही जोडाल, तेव्हा आपल्या विहिरीवरून माप काढू नका; ज्याला जोडायचं त्याचं तोंड आधी पाहा.

बरं, रतनबाईंचा गोठा आला. थोडा वेळ गप्प बसतो. धार लागलीय.