रुसलेला खडा

यंदाची तेजपात्याची स्पर्धा मी जिंकलो. वाचलंत? आता विसरा. स्पर्धा झालीच नाही, मला ताप होता, मी घरी झोपून होतो. पुढचं सगळं याच समजुतीने वाचावं.

तर मी ज्या सामन्यांना नव्हतो, त्यांत असं घडलं.

तेजपात्याच्या मुठीत एक खडा असतो. अंगठ्याने बटण दाबलं की खडा जागा होतो आणि हातभर उजेडाचं पातं बाहेर येतं. पुन्हा दाबलं की आत जातं. स्पर्धेतलं पातं लागून कुणी मरत नाही, लागलेला भाग दोन तास बधिर होतो, एवढंच. खडा मात्र लहरी. भर लढाईत रुसतो आणि पातं विझतं. परक्या हातात गेला की तोच खडा पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा एकदम शहाणा होतो. म्हणून जुनी रीत आहे : समोरच्याचं पातं विझलं की आपलंही विझवायचं, जवळ जायचं, हात पुढे करायचा आणि त्याची मूठ हातात घेऊन खड्याची समजूत काढायची. मग पुन्हा लढायचं.

या रीतीला एक भोक आहे हे शेकडो वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण शेकडो वर्षं माणसं बरी होती. मग मी आलो.

माझी पद्धत सोपी. अंगठा सगळ्यांना दिसेल असा वर ठेवायचा आणि तर्जनीच्या पेराने बाजूने बटण दाबायचं. पातं विझतं. मग चेहरा पाडायचा, मूठ कानाशी हलवायची, ‘अरेच्चा’ म्हणायचं. समोरचा हात पुढे करत आला की पुन्हा पेराने दाबायचं, पातं थेट त्याच्या हातावर. खडा अचानक मानला, त्याला मी काय करणार? तर्जनीचा आणि ‘अरेच्चा’चा सराव मी आरशासमोर वर्षभर केला. लढण्याचा साधारण चार दिवस.

पहिल्या सामन्यात भूगोलाचे मास्तर गेले, दुसऱ्यात बसचा ड्रायव्हर. दोन्ही वेळा पंचांनी लिहिलं, ‘मुठीत बिघाड’. आणि मुठीवर शिक्का होता ताईचा.

ताई मुठी दुरुस्त करते. आमच्या भागातली प्रत्येक मूठ तिच्या टेबलावरून जाते. दुसऱ्या सामन्यानंतर दुपारी ती माझी मूठ उघडून बसली होती.

“दोन झाले,” ती म्हणाली.

“काय दोन?”

“बिघाड. एका हंगामात तीन झाले तर मंडळ शिक्का काढून घेतं. कायमचा. नियमावली, पान चाळीस.”

“नियमावलीला चाळीस पानं आहेत?”

“शहाण्या, दात काढू नकोस. चारदा उघडली ही. आत काही नाही. दोष सापडत नाही म्हणजे दोष माझ्या डोळ्यांत आहे.”

दुसऱ्या दिवशी ती जाऊन चष्म्यासाठी डोळे तपासून आली. मी तेव्हाच सांगणार होतो. शब्द अगदी तोंडापर्यंत आला होता, पण तोंडात तिनेच वाढलेला घास होता, आणि दोन्ही एकदम मावेनात. मी घास गिळला. त्याच्यामागून शब्दही गेला.

अंतिम सामना दंतवैद्यबाईंशी होता. मास्तर आणि ड्रायव्हर दोघांनीही त्यांना आधी सावध केलं होतं, असं मला नंतर कळलं. त्या म्हणाल्या होत्या, “पण खरंच रुसला असला तर?”

मी ठरवून गेलो होतो की सरळ लढायचं. चार दिवसांच्या सरावात जेवढं लढता येतं तेवढं लढलो. मग माझ्या तर्जनीने मला न विचारता ठरवलं. पातं विझलं. बाईंनी आपलं विझवलं, जवळ आल्या, मुठीकडे वाकून म्हणाल्या, “बघू, कुठे दुखतंय?” आणि मला, “घाबरू नकोस, बाळा. माझाही रुसतो.”

त्यांचा उजवा हात दोन तास बधिर होता. त्या दुपारी तीन दाढा उपटायच्या राहिल्या. टाळ्या पडल्या, त्या दाढांच्या नसाव्यात.

दुसऱ्या दिवशी मंडळाचा कारकून शिक्का न्यायला आला. ताईने तो फडक्याने पुसून दिला, म्हणजे त्याचे हात शाईने भरू नयेत. कागदावर ‘बिघाड मान्य’ लिहून सही केली.

“मूठपण लागेल,” कारकून म्हणाला. “पुरावा.”

“संध्याकाळी पाठवते.”

तो गेल्यावर तिने नवा चष्मा लावला आणि मूठ पाचव्यांदा हातात घेतली. या वेळी उघडली नाही. नुसती फिरवली. अंगठ्याने दाबलेलं बटण वरून झिजतं. माझं वरून कोरं होतं आणि बाजूने पार गुळगुळीत. तिने ते बराच वेळ पाहिलं. मग दारात उभ्या माझ्याकडे, म्हणजे माझ्या तर्जनीच्या घट्ट्याकडे पाहिलं. मी हात खिशात घातला. खिसा फाटका होता, बोट खालून बाहेर आलं.

“चहा ठेव,” ती म्हणाली.

मी चहा घेऊन आलो तेव्हा मुठीवर नवं कोरं बटण होतं. जुनं कचऱ्याच्या डब्यात.

“जुनं झालं होतं,” ती म्हणाली. “चष्म्याने बरं दिसतं आता.” आणि माझ्या चहात नेहमीप्रमाणे साखर जास्त आहे का, ते तिने आधी चाखून पाहिलं.

प्रति,
मा. सचिव, तेजपाते मंडळ

विषय : न झालेल्या स्पर्धेबाबत.

महोदय, अर्जदार वरील स्पर्धा लबाडीने जिंकला असल्याने ती झालीच नाही असे जाहीर करावे. दंतवैद्यबाईंचा पुढे आलेला हात, तो पुढे येताना होता त्या स्थितीत त्यांना परत करावा. ताईचा शिक्का ताईस द्यावा. पुरावा म्हणून बाजूने झिजलेले बटण सोबत जोडले आहे. ते तपासून झाल्यावर, ते मंडळाने कधी पाहिलेच नाही, आणि अर्जदार ते डब्यातून काढत असताना ताई खरोखरच दुसरीकडे बघत होती, असे दोन्ही मंडळाच्या सहीशिक्क्यानिशी प्रमाणित करून मिळावे, ही नम्र विनंती.