मालाच्या लिफ्टमध्ये ‘सुके मासे’

आमचा जुना कंपू अजून वर्षातून एकदा क्वुन टाँग या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका चहाच्या हॉटेलात जमतो. सगळे आता चाळिशीकडे झुकलेले. ‘सुके मासे’ या बँडचं पहिलं गाणं कुठे ऐकलं हे कुणी सांगतं. कुणाच्या शर्टावर त्यांच्या ड्रमरने सही केलेली असते, आणि तो शर्ट आईने धुऊन टाकलेला असतो. मग कुणीतरी माझ्या मैत्रिणीला, पुईमानला म्हणतं, लिफ्टची गोष्ट सांग. ती हसत हसत सांगते, सगळे हसतात. मला ते अजून जमलेलं नाही.

त्या शनिवारी आम्ही दोघी मुद्दाम लवकर गेलो होतो. कार्यक्रम संध्याकाळी होता, पण बँडवाले सामान घेऊन दुपारीच येतात हे आम्हाला ठाऊक होतं. सतरा वर्षांच्या होतो, आणि गायक किटशी एक शब्द बोलायला मिळावा म्हणून महिनाभर आमची खलबतं चालली होती. सहाव्या मजल्यावर, बंद पडलेल्या एका शिलाई कारखान्यात, लाम नावाच्या माणसाने स्टेज घातलं होतं. परवाना नव्हता. कारखान्यांच्या इमारतीत गाण्याबजावण्याला परवाना मिळतच नसे. सरकारी माणसाची नजर पडली की जागा गेली, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

खाली व्हॅन उभी होती. पुईमानने मला कोपराने ढोसलं. मी पुढे होऊन विचारलं, “सामान उचलू का?”

किट हसला. “उचला की. फुकटचे हमाल कोण सोडतं?”

मालाची लिफ्ट म्हणजे लोखंडी खोलीच होती. तिला तेलाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा. आत किट, बास गिटार वाजवणारी लोकयी, ड्रमर, ज्याला सगळे जाड्याच म्हणत, आणि आम्ही दोघी. बाकीच्या जागेत कपाटाएवढे स्पीकर आणि ड्रमच्या पेट्या. मी किटच्या इतकी जवळ उभी होते की त्याच्या जॅकेटची फाटकी शिवण दिसत होती. त्या वेळी मला जगात दुसरं काही नको होतं.

चौथा मजला मागे पडला आणि लिफ्टने गचका खाल्ला. दिवा गेला.

आधी जाड्याने स्वतःच्या वजनावर विनोद केला, आम्ही हसलो. लोकयीने घंटेचं बटण दाबलं. खाली कुठेतरी घंटा वाजत राहिली, कुणी आलं नाही. चौकीदार जेवायला गेला असणार. आमच्या फोनना रेंज नव्हती. किटच्या फोनला जरा होती. त्याने लामला लावला. अंधारात लामचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. फायर ब्रिगेडला बोलवायचं नाही, ते वर आले तर सगळं संपलं, मी मेकॅनिकला घेऊन येतो, गप्प बसून राहा.

मग आम्ही पेट्यांना टेकून वाट बघू लागलो. फोनच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे निळे दिसत होते. लोखंड गरम होत चाललं होतं. डोक्यावर काहीतरी टिक टिक करत होतं. ते काय असावं, हे कुणीच विचारलं नाही.

आणि लिफ्ट सरकली.

हातभरच खाली आली असेल. वर तार ताणून वाजली, तो आवाज माझ्या दातांत शिरला. उभा स्पीकर कलंडला आणि पुईमान ओरडली, मग एकदम ओरडायची थांबली. ते थांबणं जास्त भयंकर होतं. स्पीकर तिच्या घोट्यावर पडला होता. जाड्या तो उचलायला वाकला तशी लिफ्ट पुन्हा कुरकुरली, आणि तो तसाच अर्धवट वाकलेला थिजला. हलायची कुणाची छाती होईना. मी पुईमानचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. ती माझ्या कानात म्हणाली, “होयान, मला पाय जाणवतच नाहीये.”

मी किटला म्हटलं, फायर ब्रिगेडला फोन करा. त्याचा श्वास ऐकू येत होता, धावून आलेल्या माणसासारखा. मग म्हणाला, “लाम येतोच आहे. ही जागा गेली तर आम्ही वाजवायचं कुठे?” आवाज त्याचाच होता, पण त्यात ऊन-पाऊस कशाला न भिणारा तो गायक कुठेच नव्हता. त्याच्या भीतीने मी जास्त घाबरले. मोठी माणसं घाबरली की आपल्याला धरायला काही उरत नाही.

“दादा, फोन द्या,” मी म्हटलं.

तो फोन छातीशी धरून बसला होता.

“दे तिला,” लोकयी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. “दे, किट. त्या पोरीचा पाय बघ.”

त्याने फोन दिला. नंबर दाबताना माझं बोट दोनदा चुकलं. इमारतीचं नाव सांगितलं, मजला सांगितला, पाय अडकलाय म्हणून सांगितलं. पलीकडची बाई फार शांत होती. म्हणाली, कुणीही हलू नका.

ते वाट बघणं कसं संपलं, मला सांगता येत नाही. वर दार उचकटल्याचा आवाज आला आणि उजेडाची फट पडली. लिफ्ट पाचव्या मजल्याच्या खाली लटकत होती. बाहेर पडायला छातीएवढ्या उंचीवर एक अरुंद पोकळी होती. दोन जवान आत उतरले. त्यांच्या वजनाने लिफ्ट हलली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. त्यांनी स्पीकर उचलला आणि पुईमानला पट्ट्यांनी बांधून वर सरकवलं. मग माझी पाळी. त्या फटीत अर्धं अंग बाहेर आणि अर्धं आत असताना मला एकच दिसत होतं, लिफ्ट आता सरकली तर माझे दोन तुकडे. जवान म्हणाला, “पोरी, माझ्याकडे बघ. खाली नाही, माझ्याकडे.” मी त्याच्या मिशीकडे बघत बाहेर आले.

किट सगळ्यात शेवटी आला. तो कोपऱ्यात बसून राहिला होता. लोकयी त्याच्यासाठी आत थांबली होती.

तोवर जिना प्रेक्षकांनी भरला होता. लवकर आलेली तीसचाळीस पोरं. वरून जवानांचे आवाज येत होते, ते सहाव्या मजल्यापर्यंत गेले होते आणि त्यांना स्टेज, वायरी, सगळं दिसलं होतं. लाम खालच्या पायरीवर उभा होता, चेहरा पांढराफटक. गर्दीतून कुणीतरी विचारलं, “फोन कुणी केला?” सगळे आमच्याकडे बघू लागले. लिफ्टमधून सुटले होते, आणि आता जिन्यावर मला तितकीच भीती वाटली. ही सगळी माझ्यासारखीच होती, याच जागेवर जीव टाकणारी. मी तोंड उघडलं.

“मी केला,” किट म्हणाला.

तो कठड्याला धरून उभा होता. पाय थरथरत होते, सगळ्यांना दिसत होते. मग तो स्ट्रेचरमागून खाली गेला.

जागा सील झाली. पुईमानच्या घोट्यात दोन स्क्रू बसले. इंटरनेटवर पोरांनी किटला भित्रा, फितूर, काय काय म्हटलं. मी तिथे लिहिलं की फोन मी केला होता. कुणी विश्वास ठेवला नाही. गायकावर भाळलेली पोरगी, त्याला वाचवायला बघतेय, म्हणाले. बँड वर्षभर कसाबसा चालला, मग फुटला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसात विमा विकायला एक माणूस आला. टक्कल पडलेलं, टाय नीट बांधलेला. आवाजावरून ओळखलं, किट होता. मी नाव सांगितलं, लिफ्टचं सांगितलं, आणि विचारलं, त्या दिवशी खोटं का बोललात? त्याने बराच वेळ आठवून पाहिलं. जिन्यावर आपण काय बोललो ते त्याला आठवतच नव्हतं. लिफ्टमधलं मात्र सगळं आठवत होतं. म्हणाला, अजून कधीकधी झोपेतून दचकून उठतो, बायको पाणी देते.

मी म्हटलं, मीही उठते.

मग त्याने पुईमानचा पाय कसा आहे ते विचारलं. थंडीत दुखतो, पण ती डोंगर चढते, मी सांगितलं. त्याने मान हलवली, कागद गोळा केले आणि पुढच्या टेबलाकडे गेला.