संगणकातला सहादेव

सांगतो, पण तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही. आज मी मला स्वतःलाच हरवलं!

हसताय काय? टपरीवर आलाय, तर चहा घ्या आधी. साखर कारखान्याच्या या यार्डात कुठली उसाची गाडी आधी गव्हाणीच्या फिरत्या पट्ट्यावर रिकामी करायची, ते मी ठरवतो, हे तुम्हा ट्रॅक्टरवाल्यांना ठाऊकच आहे. बैलगाड्या आधी, कारण बैलांना ऊन लागतं. मग वाळत चाललेला ऊस. आणि माझ्या मेव्हण्याची, बिभीषणची गाडी मात्र बैलगाडी असूनही कायम सगळ्यांच्या शेवटी. सोयऱ्याला पुढं घेतलं, असं कुणी म्हणायला नको.

सृष्टी इंजिनिअरनं माझ्याशेजारी बसून हे सगळं टिपलं आणि संगणकात आख्खं यार्ड उभं केलं. त्यात एक सहादेवही बसवला. माझीच टोपी, माझाच खोकला! त्यानं हाक मारली की पडद्यातले बैल हंबरायचे आणि बाहेरचे खरे बैल त्यांना ओ द्यायचे. एकानं तर आतून असं शेण टाकलं, की पोरीला कीबोर्ड धुवावा लागला.

मग शेतकी अधिकारी म्हणाले, "सहादेवराव, फाटकातून येईल ती गाडी पडद्यावरही येणार. आज दोघांनी नंबर लावा. ज्याची गव्हाण रिकामी फिरेल तो हरला. तुम्ही हरलात, तर खुर्ची त्याची."

दुपारपर्यंत दोघांची हाक एकच. सृष्टी म्हणाली, "काका, यातले खरे कोणते?"

"चहा पितो तो," मी म्हणालो.

दुपारी रस्त्यात ट्रॉली उलटली आणि मागची वाहनं अडकली. यार्डात उरली एकच गाडी, बिभीषणची. संगणकातला सहादेव ढिम्म! बिभीषण शेवटी, आणि बाकीच्या गाड्या अजून यायच्याच आहेत की! त्याची गव्हाण रिकामी फिरायला लागली.

सृष्टीनं कपाळाला हात लावला. "काका, हे तुमच्याकडूनच शिकलाय तो."

"पोरी, मी तो नव्हे," म्हणालो आणि उठलो. टोपी नीट केली, मायेनं हाक मारली, "या बिभीषणराव, या!" गाडी थेट गव्हाणीवर. माझी गव्हाण क्षणभरही रिकामी फिरली नाही. खुर्ची माझी ती माझीच, आणि बिभीषण तर केव्हाच घरी जाऊन जेवून...

"खोटं बोलताय, दाजी!" टपरीमागून आवाज आला. "बैलं जुपून कवाचा हितंच उभा हाय मी, अन् ऊस अजून गाडीतच हाय!"