हुंदक्याला मनाई

सकाळची इस्त्री तापायच्या आत मावशींचा हात तापलेला असे. उजव्या खांद्यातून निघालेली कळ दंडातून उतरत, कोपराला वळसा घालत बोटांच्या टोकांशी येऊन बसायची, हक्काच्या पाहुण्यासारखी. मग मावशी डाव्या हातानं कपड्यांवर पाणी शिंपडायच्या आणि उजव्यानं, ओठ आवळून, इस्त्री ओढायच्या. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. निम्मी गल्ली त्यांच्या हातच्या घड्या मोडून कामावर जायची आणि 'इस्त्रीवाल्या मावशींचा हात म्हणजे हात' असं कौतुक करायची. त्या हाताचं काय चाललंय, हे विचारायला सवड कुणाला?

औषधं सगळी झाली होती. तेलं, पट्टे, गोळ्या, सुया. एक्स-रेत हाडं पट्टीनं आखल्यासारखी सरळ निघाली. तेव्हा मालकांनी, म्हणजे मावशींच्या नवऱ्यानं, रिपोर्ट हातात नाचवत निकाल दिला होता, की यात काही नाही म्हणजे तुलाही काही नाही. जणू दुखणं कागदावर उमटलं तरच खरं. दवाखान्यात हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या पोरसवदा बाईंनी मात्र एकदा वेगळंच विचारलं, हे सुरू झालं तेव्हा घरात काय चाललं होतं? काही नाही, म्हणून मावशी हसल्या. घरी पोचेपर्यंत तो प्रश्न चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला.

कारण 'काही नाही' नव्हतंच. आता दुकानात बापाच्या जोडीनं इस्त्री करणाऱ्या मुलाच्या आधी मावशींना मुलगी झाली होती. झाली ती श्वास न घेताच. नणंदेनं तिला टॉवेलात गुंडाळून उचललं, तेव्हा मावशींनी उजवा हात पुढं केला. नणंदेनं तो मनगटाशी धरून गादीवर दाबून ठेवला. बघू नकोस म्हणाली, बघितलं की माया लागते. नऊ महिने पोटात वाढवताना जणू लागलीच नव्हती! मग घरानं हुकूम सोडला. रडायचं नाही, रडक्या कुशीत पुढचं मूल रुजत नाही. मावशी रडल्या नाहीत. डोळ्यातलं डोळ्यात जिरवलं, ओठातलं ओठात पुरलं. त्याच आठवड्यात कुणाच्या तरी तान्ह्याची झबली इस्त्रीला आली, तीही केली. घर खूश. बाई असावी तर अशी, टिपूस काढलं नाही, असं नणंद चार घरी मिरवत फिरली. बाईच्या तोंडाला कुलूप घालायचं आणि वर तिला सोशिक म्हणून गौरवायचं, ही आपली जुनी खोड.

हात दुखायला लागला तो तेव्हापासून. इस्त्रीचं वजन खरं होतं, उभं राहून केलेलं कामही खरं होतं. पण रात्रंदिवस इस्त्री ओढणारा मालकांचा हात कधी असा ओरडला नव्हता.

आता तीच वेळ सुनेवर आली. आठव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. दवाखान्यातून ती रिकाम्या हातांनी आली, आणि तिच्या मागोमाग मावशींची नणंद आली, पिशवीत चार साड्या आणि तोंडात तेच शब्द घेऊन. गिऱ्हाइकांना सांगायचं ठरलं, की सुनेला ताप आहे. पडद्याआडून हुंदका आला की मालक रेडिओ मोठा करत. मुलगा खाली मान घालून इस्त्री ओढत राही. बाप्यानं रडायचं नसतं, हे त्याला वेगळं शिकवावं लागलंच नव्हतं.

सून आधी मोठ्यानं रडली, मग उशीत तोंड खुपसून रडली, आणि आज सकाळपासून गप्प झाली.

"बघ, आली ना ताळ्यावर," नणंद म्हणाली. "आता तूच आत जा, वहिनी. तू कसं निभावलंस ते सांग तिला."

मालकांनीही पडद्यातून डोकं घालून तेच सांगितलं. शिवाय, जमलं तर बसल्या बसल्या चार घड्या घालायला दे, तेवढंच मन रमेल.

मावशी आत गेल्या. सून भिंतीला टेकून बसली होती. जबडा घट्ट मिटलेला, डोळे कोरडे ठाक. सासूला बघून तिनं पदर सारखा केला आणि अगदी हळू विचारलं, "आई, सकाळपासून मान धरलीय. वळतच नाही. तुम्ही हाताला लावता ते तेल थोडं द्याल का?"

बाटली फळीवरच होती. मावशींनी ती घ्यायला हात उचलला आणि तसाच खाली आणला. हे असंच सुरू होतं. आज मान, उद्या पाठ, परवा दवाखान्याच्या बाकावर रिपोर्ट घेऊन बसलेली एक म्हातारी. आणि आपलंच न रडणं दाव्यासारखं या पोरीच्या गळ्यात बांधायला आपल्यालाच पाठवलंय.

"नाही देणार," त्या म्हणाल्या. सून दचकली. मावशी तिच्याशेजारी बसल्या. "तेलानं जात नाही गं ते. बाटल्यांवर बाटल्या जिरवल्यात मी. तुला बाळ दाखवलं का?"

सून मान हलवायला गेली, पण ती हलेना. 'नाही' ती नुसत्या ओठांनी म्हणाली.

"वहिनी, भलतं काय विचारतेस?" नणंद दारातून म्हणाली. "जखम उकरू नये."

"उकरत नाही, ताई. पू आत ठेवून वरून शिवलंत तुम्ही, ते टाके उसवतेय. माझा हात दाबून धरला होतात ना? अजून धरलेलाच आहे. सोडा आता."

नणंदेनं भावाकडं पाहिलं. भावानं रेडिओकडं.

मावशींनी मुलाला हाक मारली. दवाखान्यात मूल त्याच्याच हातात दिलं होतं. इस्त्री उभी करून तो दारात आला.

"तू बघितलंयस. सांग तिला. तिचं मूल आहे ते."

"केस होते," तो म्हणाला. "खूप. ओले. आणि... हनुवटी हिची." एवढं बोलून तो उंबऱ्यावर मटकन बसला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

मग सुनेच्या घशातून जो आवाज निघाला, तो पडद्याला जुमानेना, भिंतीला जुमानेना. मावशींनी तिला दोन्ही हातांनी कवेत घेतलं. उजव्या हातातून वीज गेली, तरी घेतलं.

मालक धावत आले. बाहेर गिऱ्हाईक उभं आहे, लोक काय म्हणतील, जरा हळू.

जरा हळू! हे 'जरा हळू' किती बायकांच्या पाठीत, मानेत, पोटात जाऊन बसलंय, याची कुणी खानेसुमारी केलीय? वाचकहो, तुमच्या घरातही एखादी असेल, सारखं कुठंतरी दुखतंय म्हणणारी, जिच्या तपासणीत कधीच काही निघत नाही. ती शेवटची कधी रडली होती, आठवतं का? आणि तिला गप्प कुणी केलं होतं?

मावशी उठल्या. पडदा सारून दुकानात गेल्या आणि रेडिओ बंद केला. गल्लीतले साहेब ऑफिसला निघायच्या घाईत उभे होते. सूनबाईंचा ताप वाढला की काय, त्यांनी विचारलं, आणि त्याच दमात, शर्ट झाले का?

"ताप नाही," मावशी म्हणाल्या. "मूल गेलंय आमचं."

साहेब गडबडले. वाईट झालं म्हणाले. पण पोटातच ना, म्हणजे तसं काही... मग शर्टांना संध्याकाळी येऊ का?

"संध्याकाळी नको. दोन मुलं गेलीत या घरात, साहेब. एक हिचं, आत्ता. एक माझी मुलगी, हा पोरगा व्हायच्या आधी. दोघांसाठीही रडायचं राहिलंय. वेळ लागेल."