कुंपणापाशी साठलेले ठिपके

मी सायगा हरणाच्या गळ्यातला पट्टा बोलतोय. सायगा म्हणजे आमच्या कझाक माळावरचं, मेंढीएवढं, लोंबत्या नाकाचं हरीण. थंडी पडली की त्यांचे कळप दक्षिणेला चालू लागतात.

माझ्यात एक छोटं यंत्र आहे. मी कुठे आहे ते उपग्रहाला कळवतं, आणि शहरात राउशानच्या संगणकावर, नकाशात, एक ठिपका उमटतो. हरणांच्या वाटांचा अभ्यास हे तिचं काम.

उन्हाळा सरताना तिने मला एका मादीला बांधलं. वनरक्षक कुआंदिक वयाने मोठा, म्हणून ती त्याला अगा म्हणते. त्याने आपली टोपी मादीच्या डोळ्यांवर धरली होती.

"नवरी सजवतेयस का? आटप, घाबरून मरेल ती."

"घट्ट झाला तर काचेल, अगा. आत बोटं मावली पाहिजेत."

"माझी की तुझी?"

राउशान हसली, आणि स्वतःची बोटं घालून पाहिली.

मादी फार चालायची. ती पाणी प्यायली की घोटागणिक मी हलायचो. तिची मान उबदार होती. कारखान्यातून निघाल्यापासून मला ऊब म्हणून माहीतच नव्हती.

बर्फ पडायला लागलं तेव्हा आम्ही नव्या रस्त्याशी पोचलो. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण होतं. पलीकडे वाऱ्याने बर्फ उडालेलं, गवत उघडं पडलेलं. ती तारेच्या कडेने चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. कळपातली इतर हरणं मागे वळली. ती वळली नाही. एका पहाटे बसली ती उठलीच नाही. मी मात्र कळवत राहिलो. इथेच आहे. इथेच आहे.

राउशान आणि कुआंदिक गाडी घेऊन आले. कुआंदिकने हातमोजा काढून तिच्या कपाळावर हात ठेवला. मग मला सोडवलं.

पुढे राउशानच्या कचेरीत रस्त्याचा अभियंता येरबोलात आला. मी टेबलावरच होतो.

"तुमचं यंत्र बिघडलं होतं का? एकाच जागी एवढे ठिपके?"

"यंत्र चालू होतं. ती वाट शोधत होती."

त्याने नकाशातल्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "ट्रकखाली जनावरं येऊ नयेत म्हणून घातलं हो मी ते कुंपण."

"माहीत आहे मला."

तिने मागच्या वर्षांतल्या दुसऱ्या हरणांच्या वाटा त्याच नकाशावर उमटवल्या आणि वर त्याचा रस्ता ठेवला. बहुतेक वाटा रस्त्याच्या एकाच टापूतून जात होत्या.

"एवढाच तुकडा?" तो म्हणाला. "मला वाटलं, सगळा रस्ता मोकळा मागाल."

"मागितला असता तर दिला असता?"

"नाही." त्याने चहाची वाटी पुढे केली, तिने भरून दिली. "तेवढी तार काढतो. ट्रकही तिथे सावकाश चालतील, ते मी बघतो. पण हरणं येतीलच कशावरून?"

"ते मला सांगता येत नाही."

आता मी दुसऱ्या मादीच्या गळ्यात आहे. आज आमचा कळप त्या मोकळ्या टापूशी पोचलाय. तार नाही, पण डांबराचा वास आहे, आणि तिला तो ओळखीचा नाही. ती थांबलीय.

नकाशावर रेघा ओढणाऱ्या माणसांनो, ओढण्याआधी तिथून कोण चालत जातं तेवढं विचारा. खोडरबर आहे तोवरच रेघ बदलणं सोपं असतं.

पाठीमागून बर्फाचा वारा सुटलाय. तिने नाक वर करून हुंगलं, एक खूर डांबरावर ठेवला, मग दुसरा.

राउशान, बघतेयस ना?