बुडीआधीची उडी

"बाबा, भरती सुरू झाली. आधी परत फिरा!" मुलगी फोनवर ओरडत होती.

"पाच मिनिटं."

"बादलीभर पाण्याला भिणारे तुम्ही! आणि एका कावळ्यापायी जिवावर उदार होताय?"

"पाणकावळा," मी म्हणालो आणि फोन खिशात टाकला.

ज्या दगडांवरून मी या खडकावर आलो होतो, त्यातले दोन पाण्याखाली गेले होते. समोर एक काळा पक्षी पोहत होता. चोच बारीक वाटत होती. पण लाटांवर तो असा वरखाली होत होता की खात्री होईना.

आमच्या हिने तीस वर्षं इथले पक्षी मोजले. मी फक्त थर्मास धरायचो. "तुम्हाला काय, सगळेच कावळे," म्हणायची. गेल्या हिवाळ्यात तिने शेवटची नोंद केली : खडकी पाणकावळा, एक. मोजणीच्या साहेबांनी शेजारी लाल पेन्सिलीने लिहिलं, 'हा इथे येत नाही. साधाच असावा.'

चार महिन्यांनी तिच्या डोक्यातली गाठ सापडली. डॉक्टरांनी विचारलं, "ओळखण्यात चुका कधीपासून व्हायला लागल्या?" मी छातीठोकपणे सांगितलं, "कधीच नाही." पावसाळ्याआधी ती गेली.

तेव्हापासून ती लाल पेन्सिल मला झोपू देत नाही. ही चुकली असेल, तर दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं. आणि मी शेजारी बसून चहा ओतत होतो.

लाट गुडघ्याला लागली. तरी दुर्बीण खाली घेतली नाही. ती सांगायची, "चोच बारीक की जाड, राहू द्या हो. साधा असतो तो नुसता पाण्यात सरकतो. खडकी आधी उडी घेतो. अख्खा बाहेर येतो, मग बुडतो."

पक्ष्याने मान आखडली. अख्खा पाण्याबाहेर आला आणि सुळकन आत गेला.

"अगं, बघ..." मी डावीकडे, ती नेहमी असायची तिकडे वळलो.

परतताना पाणी कमरेपर्यंत आलं. तिची नोंदवही डोक्यावर धरली होती. रस्त्याच्या कठड्यावर बसून, ओल्या बोटांनी मी नोंद केली. 'सोबत कोण' या रकान्यात तिने दर पानावर एकच शब्द लिहिला होता : हे.

मी लिहिलं : ही.